साच्याविना ओतलेलं

साच्यात ओततेवेळी बिडाचं तापमान १३५० ते १४०० अंश सेल्सिअस असतं. पृथ्वीच्या पोटातून येणारा बेसाल्टचा लाव्हा ११०० ते १२०० अंशांचा. म्हणजे बेळगावजवळच्या मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या फौंड्रीत माझी उमर गेली, तिथलं लॅडल, म्हणजे रस ओतायचं भांडं, हवाईच्या ज्वालामुखीपेक्षा तापट होतं. हे मला निवृत्तीनंतर कळलं, आणि कळल्यावर काही दिवस मी घरात जरा ताठ्यानंच वावरलो.

कळलं ते हिच्यामुळं. ही माहेरची निपाणीकडची, मराठी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. तिच्या वह्यापुस्तकांच्या ढिगात मी पहिल्यांदा नाक खुपसलं ते रिकामपणाला कंटाळून. वाचता वाचता मधेच ‘अगं, हे तर आमचंच काम!’ असं ओरडायला लागलो, तेव्हा हिनं विषयाला हात घातला.

“मी इतकी वर्सं पोरांना शिकवलो, दख्खनचं पठार लाव्हाचं म्हणून. कधी डोळ्यानं बघितलो नाही काय असतंय ते. आता एक ज्वालामुखीचं बेट बघून यायचं.”

ज्वालामुखीचं बेट म्हणजे आइसलँड नाही तर हवाई, असं मला वाटत होतं. आपल्या देशात जिवंत ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट; पण तिथं परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. मग हिनं नकाशावर उडुपीजवळच्या समुद्रात बोट टेकवलं. मालपे बंदरापासून सहा-सात किलोमीटरवर सेंट मेरीज नावाची बेटं आहेत. ती लाव्हाची आहेत, आणि बेळगावहून आपल्या गाडीनं जाता येतं. विषय तिथंच संपला. माझ्या मताला आमच्या घरात किंमत आहे, पण ती कळवण्यापुरती.

गाडी म्हणजे आमची ओम्नी. २०१९ साली मारुतीनं ही गाडी बनवायची बंद केली, तरी बेळगाव-खानापूर रस्त्यावर वडापवाल्यांनी तिला अजून मरू दिलेलं नाही. परदेशात नवरा-बायको झोपायच्या-स्वयंपाकाच्या गाड्या घेऊन महिनोन् महिने हिंडतात, तसलं काहीतरी करायचं होतं. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये असल्या गाड्यांसाठी कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही काढलं. पण त्या धोरणातल्या गाड्या आमच्या ओम्नीकडं बघून हसतील. मी मागची सीट काढली, प्लायवुडची पेटी केली, तिच्यावर फोमची गादी. पेटीत भांडी, पाच किलोची गॅसची टाकी, शेगडी, तांदूळ. खिडक्यांना मच्छरदाणीचं कापड, चुंबकाच्या पट्ट्यांनी चिकटवलेलं. कुठंही वेल्डिंग नाही, गाडीच्या सांगाड्याला हात नाही, सगळं नटबोल्टवर. तसं नसतं तर आरटीओला काय उत्तर देणार? पाण्याचा वीस लिटरचा कॅन पुढच्या सीटच्या मागं बसला. बॅटरीवरचा छोटा पंखा मी आणला, आणि हिनं तो पहिल्याच दिवशी आपल्या उशाकडं वळवला.

गाडीची परीक्षा म्हणून आधी उत्तरेला गेलो. निपाणी, कोल्हापूर, पन्हाळा. पन्हाळा तालुक्यातल्या बांदिवडे गावाजवळ बेसाल्टचे खांब आहेत, पैलू पाडल्यासारखे. फार लोकांना ठाऊक नाहीत. ते पाहिले, हिच्या माहेरी जेवलो, तवंदीच्या घाटानं परत आलो. निपाणीच्या तंबाखूच्या काळ्या रानातून जाताना ही खिडकीतून हात बाहेर काढून मला म्हणाली, “ही माती म्हणजे लाव्हाच. दळलेला.” शाळेतली बाई निवृत्त होते, शिकवणं होत नाही.

डिसेंबरात मग दक्षिणेला निघालो. विद्यापीठाचं ‘ज्ञानसंगम’ आवार मागं पडलं. हलगा-मच्छे बायपाससाठी गेलेल्या शेतांवरून चहाच्या टपरीवर अजून वाद चालतो, तो ऐकत एक चहा झाला. देसूर गेलं. खानापूरकडं जाताना रस्त्याकडेच्या जमिनीचा रंग बदलत जातो. काळेपणा सरतो, तांबडेपणा चढतो. खानापूरची कौलं आणि मडकी या तांबड्या मातीची. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेला. आज उरलेला पसाराच पाच लाख चौरस किलोमीटर आहे. महाबळेश्वराकडं त्याची जाडी किलोमीटरहून जास्त, आणि आमच्याकडं येता येता तो पातळ होत संपतो. बेळगाव हा त्याच्या दक्षिण टोकाचा पदर. पलीकडं त्याच्यापेक्षा कितीतरी जुना दगड उघडा पडतो.

ओतकामात हे रोजचं दुखणं आहे. रस लांबच्या कोपऱ्यात पोचेपर्यंत निवतो, कड भरत नाही, माल रिजेक्ट. इथं मात्र निसर्गानं लांबी केवढी गाठलीय! दूर आंध्रात गोदावरीकाठी राजमहेंद्रीजवळ लाव्हाचे जे थर सापडतात, ते याच पश्चिमेकडच्या उद्रेकातून हजार किलोमीटर वाहत गेलेले आहेत, असं भूवैज्ञानिक मानतात. रनर म्हणजे साच्यातली रसाची वाट; इथं हजार किलोमीटरचा रनर! वरचं कवच गोठतं, ते आतल्या रसाला पांघरुणाचं काम करतं, आणि आत रस वाहत राहतो. आम्ही लॅडलच्या तोंडावर राख पसरायचो ती याचसाठी.

बाकी लाव्हानं इथं आखलेल्या सीमेवर कुणाचा दावा नाही. माणसांनी १९५६ साली आखलेल्या सीमेवर २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात चाललाय. आमची पिढी त्याच्या तारखा ऐकत म्हातारी झाली.

लोंढा, रामनगर, गणेशगुडीचं सुपा धरण, दांडेली, यल्लापूर. जंगल दाट आणि रस्ता बरा. अरबैल घाटात ट्रकांमागं दुसऱ्या गिअरवर उतरताना ओम्नीचे ब्रेक तापल्याचा वास आला, म्हणून झाडाखाली थांबून भात टाकला. अंकोल्याला संध्याकाळी समुद्राचा वारा लागला. रात्री एका देवळाच्या आवारात गाडी लावायची परवानगी मिळाली. हिचं कन्नड चांगलं आहे, माझं बाजारापुरतं. या प्रवासात जिथं जिथं फुकट जागा मिळाली, तिथं तिथं ती हिच्या कन्नडमुळं मिळाली, हे नोंदवून ठेवतो.

अंकोल्याहून आत डोंगरात याणा आहे. पैसा असेल तर गोकर्ण, मस्ती असेल तर याणा, अशा अर्थाची कन्नड म्हण आहे. ती पायवाटेच्या काळातली. आता गाडी बरीच जवळ जाते आणि उरलेली वाट झाडीतून चालायची. झाडी एवढी दाट की पुढं काय आहे याचा पत्ता लागत नाही, आणि एकदम काळा कडा डोक्यावर येतो. भैरवेश्वर शिखर १२० मीटर उंच, शेजारचं मोहिनी शिखर ९० मीटर. कोळशासारखे काळे, टोकं धारदार, अंगावर चर आणि भोकं. खाली गुहेत शिवलिंग, वरून पाणी ठिबकतं. भस्मासुर इथं जळाला आणि त्याच्या राखेनं माती काळी झाली, अशी कथा. मोहिनीच्या हाताचं अनुकरण करता करता त्यानं स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवला, तो हा डोंगर.

आमच्यासोबत वाटेत एक हुबळीचं कुटुंब होतं. त्यातला कॉलेजातला पोरगा आईला समजावत होता, हा ज्वालामुखी आहे, फुटून असा झालाय. रंग बघितला तर कुणालाही तेच वाटेल. मलाही वाटलं असतं, पण हिनं येतानाच सांगितलं होतं: हा चुनखडीचा दगड. लाव्हाचा इथं थेंब नाही. पावसाच्या पाण्यानं विरघळत, चरत चरत तो असा झालाय.

मी त्या कड्याला हात लावून बराच वेळ उभा होतो. चुनखडी माझ्या ओळखीची. आमच्या जुन्या कपोला भट्टीत कोक आणि कच्च्या लोखंडाबरोबर चुनखडीचे दगड टाकत. भट्टीत वाळू, राख, गंज यांची कीट होते. तिच्यात सिलिका जास्त. सिलिका जास्त म्हणजे कीट चिकट, गुळाच्या पाकासारखी ओढली जाणारी. भोकातून बाहेर यायला तयार नाही. चुनखडी टाकली की ती पातळ होते आणि सुटते. पुढं इंडक्शन भट्ट्या आल्या, कपोला गेली, पण सिलिका आणि चिकटपणा यांचं नातं माझ्या हाताला ठाऊक होतं. पुढं बेटावर ते उपयोगी पडलं.

त्या पोराला ही काही बोलली नाही. मी विचारलं, का गं? “त्याची आई किती कौतुकानं ऐकूलाली होती, बघितलासा न्हवं? घरी जाऊन तो स्वतःच शोधंल.”

गोकर्णात आम्ही गावात कमी आणि कड्यांवर जास्त होतो. कुडले, ओम, अर्धचंद्र आणि पॅराडाइज अशा चार किनाऱ्यांना जोडणारी पायवाट आहे. कधी खडकांवरून, कधी वरच्या माळावरून. माळ जांभ्याचा. बेळगावात जन्मलेल्या माणसाला जांभा म्हणजे घराच्या भिंती. शतकानुशतकं पाऊस दगडातली सिलिका धुऊन नेतो आणि लोखंड-ॲल्युमिनियम मागं ठेवतो, तो हा गंजलेला दगड. त्याचाच भाऊबंद बॉक्साइट, ज्याच्यावर बेळगावला यमनापूरचा कारखाना उभा राहिला. उन्हात या माळावर चालणं म्हणजे तव्यावर चालणं, हे मात्र पर्यटनाच्या जाहिरातीत लिहीत नाहीत. ओम किनाऱ्यावर ही पाण्यात पाय सोडून बसली. “तुम्ही जावा फुडं, मी हितंच बसतो.” मी एकटाच पॅराडाइजपर्यंत जाऊन आलो. वाटेत गोऱ्या जोडप्यांनी दोरीचे झुले बांधले होते. एकानं माझ्या गाडीबद्दल विचारलं. फोटो दाखवला. त्यानं एवढ्या मनापासून वाहवा केली की चुंबकाच्या मच्छरदाणीचं पेटंट घ्यावं असं वाटायला लागलं.

पुढं राष्ट्रीय महामार्ग ६६. होन्नावरला शरावतीचा रुंद पूल, मुर्डेश्वराची अवाढव्य मूर्ती, भटकळची गर्दी. बैंदूरहून आम्ही समुद्र सोडून आत वळलो, कोल्लूरच्या मूकांबिकेकडं आणि तिथून कोडचाद्रीला.

कोडचाद्री दख्खनच्या लाव्हाचा नाही. तो धारवाडी दगडांच्या कुळातला, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. म्हणजे आमच्या सह्याद्रीच्या काळ्या थरांचा खापरपणजोबा म्हटलं तरी कमीच. उंची १३४३ मीटर. वर जाणाऱ्या जीपा हाडं खिळखिळी करतात असं ऐकून होतो, म्हणून चालत चढलो. ओढे, जळवा, मग एकदम उघडा गवताळ माथा. माथ्यावर दगडी सर्वज्ञपीठ, आद्य शंकराचार्यांच्या नावाचं. आकाश स्वच्छ होतं. पश्चिमेला समुद्राची कड दिसली.

पण माझं मन अडकलं ते माथ्याच्या अलीकडं, आदिमूकांबिकेच्या देवळापाशी. तिथं एक जुना लोखंडी स्तंभ उभा आहे. दिल्लीच्या मेहरौलीतल्या स्तंभाचं नाव सगळ्यांना माहीत. याचं नशीब त्याच्यापेक्षा कठीण. दिल्लीची हवा कोरडी, आणि इथं सह्याद्रीचा धबाधबा पाऊस; समुद्राचा खारा वारा वेगळा. तरी खांब उभा आहे. धातुशास्त्रज्ञ टी. आर. अनंतरामन यांनी त्याचा अभ्यास करून लिहिलं, तेव्हा बाहेरच्या जगाला तो कळला. हे ओतलेलं लोखंड नव्हे; भट्टीत न वितळवता तयार केलेले गोळे तापवून, ठोकून, एकाला एक जोडून केलेलं. ओतकाऱ्याला घडाईवाल्याचा जरा हेवा असतोच. मी त्याच्यावर बोटं फिरवत होतो तेव्हा दर्शनाला आलेल्या केरळच्या एका बाईंनी मला भक्त समजून प्रसाद दिला. घेतला.

ही मात्र वैतागली होती. “दगड बघायला निघालो आणि तुम्ही लोखंडाजवळच.”

खाली उतरून किनाऱ्याला लागलो. मरवंते येथे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी आणि मधून महामार्ग. पाहावं असं आहे, पण ट्रक थांबू देत नाहीत. उडुपीत कृष्णमठात पंक्तीला बसलो. सांबार, भात, गोड पायसम. ओम्नीतल्या खिचडीनंतर ते अमृत. दुपारी मालपे.

मालपेचं बंदर आधी नाकाला कळतं, मग डोळ्याला. हजारो बोटी, बर्फाच्या गाड्या, टोपल्या, लिलावाचा आरडाओरडा. बोटींच्या इंजिनांचे बिडाचे भाग बघत मी फिरलो, ही बांगडा निवडत. रात्री किनाऱ्याच्या कडेला गाडी लावून शेगडीवर बांगड्याचं कालवण झालं. गाडीत मासे शिजवायचे नाहीत, हा नियम हिनंच केला होता आणि हिनंच मोडला. पुढं आठवडाभर गाडीला तो वास होता.

बोट सकाळी, पण माणसं भरल्याशिवाय सुटत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला म्हणून हा सगळा व्यवहार बंदच असतो. डिसेंबरात शाळेच्या सहलींची झुंबड. आमच्या बोटीत दावणगेऱ्याच्या एका शाळेची पोरं होती, त्यामुळं भरायला वेळ लागला नाही. बेटाजवळ पाणी उथळ, तिथून लहान होडीत उतरावं लागलं. पिशव्या तपासून प्लास्टिक आणि खाणं काढून घेतात. चांगलं करतात.

मुख्य बेटं चार: नारळाचं बेट, उत्तर बेट, दर्याबहादूरगड आणि दक्षिण बेट. लोकांना नेतात ते नारळाच्या बेटावर. १४९८ साली वास्को द गामा या बेटांवर आला आणि त्यानं मरियेच्या नावानं खूण उभारली, असं सांगतात. तिच्यावरून हे नाव. बेट बुटकं. वरती माड, आणि पायाखाली वाळूऐवजी शंख-शिंपल्यांचा चुरा. मग पाण्याच्या कडेला गेलं की ते खांब.

पहिली गोष्ट ही की ते वाटतात तेवढे उंच नाहीत. सगळ्यात उंच म्हणतात तो सहा मीटरचा. पण संख्या! एकाला एक चिकटून, कुठं पाच बाजूंचे, कुठं सहा, कुठं सात. कुठं उभे, कुठं कलंडलेले, कुठं पाण्याशी सपाट तुटून फरशी झालेले. लाट त्यांच्यामधल्या फटींत शिरते आणि पांढरी होऊन बाहेर येते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं या जागेला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवलंय. कर्नाटकात अशी चार आहेत. बंगळूरच्या लालबागेतला खडक त्यातलाच. इथं फलकही आहे. पण फलकापुढं पोरं ओळीनं उभी राहून फोटो काढत होती, वाचत कुणी नव्हतं. त्यांच्या बाईंनी शिट्टी वाजवून सगळ्यांना गोळा केलं आणि फलक मोठ्यानं वाचून दाखवला. आमची ही त्यांच्यामागं जाऊन उभी राहिली, ओठ हलवत. सवय.

हा दगड बेसाल्ट नाही. रायोलाइट-डेसाइट जातीचा, म्हणजे सिलिका जास्त असलेला. बेसाल्टमध्ये सिलिका निम्म्याच्या आसपास. रायोलाइटमध्ये सत्तर टक्के आणि वर. असला लाव्हा ७०० ते ९०० अंशांवरच बाहेर येतो आणि कपोलातल्या वाईट किटीसारखा चिकट असतो. तो हजार किलोमीटर धावत नाही. जिथं येतो तिथंच जाड होऊन बसतो आणि निवत राहतो.

आता खांब कसे होतात ते. निवताना प्रत्येक वस्तू आकसते. पॅटर्न बनवणाऱ्याला म्हणून सूट ठेवावी लागते: बिडाला साधारण शेकडा एक, पोलादाला दोन. साच्यात रस आकसला की वरून रायझर त्याला रस पुरवतो, नाही तर पोकळी पडते. लाव्हाला रायझर कुठला? वरचा थर आकसतो, बाजूला ओढायला जागा नाही, म्हणून तडकतो. तडे एकमेकांना १२० अंशांत मिळाले की ताण सगळ्यात कमी खर्चात सुटतो, आणि १२० अंशांनी मिळणाऱ्या रेघांची जाळी म्हणजे षट्कोन. निसर्ग भूमितीचा मास्तर नसल्यामुळं पाच-सात बाजूही चालवून घेतो. मग उष्णता आत आत जाईल तसा तडाही आत आत, पायरी पायरीनं सरकतो. असल्या खांबांच्या अंगावर आडव्या पट्ट्या दिसतात त्या या पायऱ्यांच्या खुणा. हळू निवला तर खांब जाड, झटकन निवला तर बारीक.

फौंड्रीत फुटलेल्या कास्टिंगचा छेद पाहिलाय अशा माणसाला इथं एक गोष्ट लगेच दिसते. बाहेरून आत जाणारे उभे कण साच्याच्या भिंतीशी काटकोनात वाढलेले असतात, कारण उष्णता त्या दिशेनं बाहेर पडते. कण वेगळे आणि तडे वेगळे, हे मला कळतं. पण दिशेचा कायदा एकच. खांब नेहमी निवणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात. मग इथले खांब कलंडलेत ते का? एक तर निवणारा पृष्ठभागच तिरका होता, नाही तर सगळं मागाहून कललं. मी पहिलं म्हणत होतो, ही दुसरं. एका खांबाशी उकिडवं बसून आम्ही यावर एवढं भांडलो की सुरक्षारक्षकानं येऊन विचारलं, काही हरवलं का?

आयर्लंडच्या उत्तरेला ‘जायंट्स कॉजवे’ आहे. असले सुमारे चाळीस हजार खांब. राक्षसानं बांधलेला रस्ता म्हणून जगभरचे लोक तिकडं धावतात. तो बेसाल्टचा आणि साधारण सहा कोटी वर्षांचा. आमचा दख्खनचा दगड साडेसहा कोटींचा. आणि ही बेटं ८.८ कोटींच्या आसपासची! त्या वेळी मादागास्कर आणि भारत एकमेकांपासून तुटत होते. तुटताना जमीन ताणली गेली, खालून रस वर आला. मादागास्करच्या बाजूलाही त्याच काळातला लाव्हा आहे. म्हणजे हा दगड निवला तेव्हा पश्चिमेला आजचा अरबी समुद्र नव्हता. ज्या कडेवर उभं राहून आम्ही क्षितिज बघत होतो, तिथं शेजारचं घर होतं.

हे रसाचं काम कुणाचं, याचंही उत्तर हिच्या वहीत होतं. पृथ्वीच्या पोटात खोलवर काही ठिकाणी भट्टी कायम पेटलेली असते आणि वरची जमीन तिच्यावरून सरकत राहते. या बेटांची भट्टी म्हणजे मॅरियन. ती आज दक्षिण आफ्रिकेच्याही खाली, थंड समुद्रातल्या मॅरियन बेटापाशी आहे. दख्खनची भट्टी वेगळी, रियुनियनची. तिच्यावरून भारत उत्तरेकडं सरकत गेला आणि मागं समुद्रात लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस अशी ओळ उमटत गेली. आज ती रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ‘पितों द ला फुर्नेझ’ जवळजवळ दरवर्षी पेटतो. आमच्या शेजारच्या कारखान्यात रोलर कन्व्हेयरवर साचे सरकत यायचे आणि भट्टीवाला एका जागी उभा राहून ओतायचा. भारत हा त्या कन्व्हेयरवरचा साचा. एकदा मॅरियनकडं ओतून घेतला, मग दोन कोटी वर्षांनी रियुनियनकडं.

हे मी हिला सांगितलं तर म्हणाली, “आता हे तुम्ही शाळेत येऊन पोरांना सांगा. मी इतकी वर्सं सांगितलो, पण असं नाही सांगितलो.” संसारात असली पावती क्वचित मिळते, म्हणून लिहून ठेवतोय.

दुपारी भरती चढायला लागली. मघाशी उघडी असलेली फरशी पाण्याखाली गेली आणि ज्या खांबावरून आमचं भांडण होतं त्याचा निम्मा भाग दिसेनासा झाला. शिट्ट्या वाजल्या. होडीत बसताना तांडेलानं विचारलं, कुठले? बेळगाव म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: कुंदा आणलाय काय? हिनं पिशवीतून डबा काढून त्याच्या हातात ठेवला. पिशव्या तपासणाऱ्यांच्या हातून तो कसा सुटला, मी विचारलं नाही.

कुंदा खाता खाता त्यानं सांगितलं, पश्चिमेच्या अंगाला पायथ्यापर्यंतचे खांब बघायचे असतील तर पूर्ण ओहोटीला यायला हवं. उद्या पहिल्या बोटीला या. ही म्हणाली, पायथा बघितल्याशिवाय ते कलले की कललेलेच जन्मले हे ठरणार नाही. मी म्हटलं, ठरलेलं आहे. ती म्हणाली, तुमच्यापुरतं. धक्क्यावर उतरल्या उतरल्या तिनं खिडकीवर जाऊन दुसऱ्या दिवशीची दोन तिकिटं काढली.